डांबर कधी आणि कुठे पडणार, हे ठरतं कसं? सोलापुरातल्या नवख्यांसाठी

"काका, आमच्या गल्लीत खड्ड्यांनी मणके ढिले झालेत, आणि पलीकडच्या चांगल्या धडधाकट रस्त्यावर परत डांबर टाकतायत. हे कसलं नियोजन?"

जुळे सोलापुरात आमच्या शेजारी नव्यानं राहायला आलेल्या शिक्षिकाबाईंचा हा प्रश्न. मी रस्त्यांच्या कामावर उन्हातान्हात हयात घालवलेला माणूस, तरी उत्तर दोन वाक्यांत देता येईना. त्यांना म्हटलं, मॅडम, तुमचा राग अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला रस्ता तपासतात कसा आणि यादीत चढतो कसा, हे बघावं लागेल. त्यांच्यासाठी जे कागदावर काढलं, तेच इथे नीट मांडतोय. शहरात नवीन आलेल्यांना उपयोगी पडेल, आणि नुकत्याच लागलेल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्यालाही.

पहिली पायरी: रस्ता कुणाचा?

निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जाऊन मरतात. महापालिकेत अर्ज द्यायचा, महिनाभरानं उत्तर येतं की सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नाही. म्हणून आधी मालक शोधा.

शहराबाहेर असाल तर किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता, बहुतेक पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला. निळा किंवा काळा-पांढरा दगड जिल्हा मार्गाचा किंवा शहराचा. सोलापूर हे राष्ट्रीय महामार्गांचं जंक्शनच आहे. पुण्याहून मोहोळमार्गे येऊन नळदुर्ग-उमरग्याकडून हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा, तुळजापूरहून येऊन विजयपूरला (म्हणजे विजापूरला) जाणारा ५२ क्रमांकाचा, मंगळवेढ्याकडे जाणारा १६६ आणि अक्कलकोटकडे जाणारा १५०-ई. जुनी माणसं पुणे-हैदराबाद रस्त्याला अजून 'नऊ नंबर'च म्हणतात, कारण नव्या क्रमांकांच्या आधी तो ९ होता, आणि विजापूरचा १३. जुना कागद हाती आला तर गोंधळू नका.

महामार्ग बहुतांशी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही तुकडे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शहरातले रस्ते महापालिकेकडे. खरी गोची होते ती बायपास झाल्यावर. शहरातून जाणारा महामार्गाचा जुना तुकडा हस्तांतरित झाला की नाही, कधी झाला, दुरुस्तीसह झाला की तसाच गळ्यात घातला, हे फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. अशा रस्त्यासाठी दोन्ही कार्यालयांना एकच पत्र द्या आणि त्यात दोघांचाही उल्लेख करा. एकमेकांकडे बोट दाखवणं मग जरा अवघड होतं.

एमआयडीसीतले आतले रस्ते आणि अजून हस्तांतरित न झालेल्या खासगी लेआउटमधले रस्ते हा वेगळाच प्रकार. घर घेण्याआधीच विचारून ठेवा.

दुसरी पायरी: रस्ता वाचायला शिका

खड्डा हा रोगाचा शेवट आहे. तपासणीला जाणारा चांगला अभियंता खड्डे मोजण्याआधी भेगा बघतो, आणि भेगांच्या आधी गटार बघतो.

आपल्या भागात हे जास्तच खरं, कारण पायाखाली काळी माती आहे. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती रस्त्याखाली आहे. रस्त्याच्या मधोमध डांबराचं छप्पर असतं, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते. म्हणून आपल्याकडे पहिली भेग बहुधा कडेला, रस्त्याच्या लांबीला समांतर पडते. ती दिसली की समजा, खालची माती हलतेय. गटार नसेल, किंवा बाजूपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर पाणी तिथेच मुरत राहतं. अशा ठिकाणी वरून कितीही डांबर टाका, दोन पावसाळ्यांत भेग परत तोंड वर काढते.

मगरीच्या कातडीसारखी बारीक चौकटींची जाळी दिसली तर दुखणं आणखी खोल आहे. खालचा खडीचा थर थकलाय, वरचा थर वाकून वाकून तुटतोय. तेवढा तुकडा खोदून खालून भरावा लागतो. वरून कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, ही नुसती रंगरंगोटी.

मग चाकोरी. बैलगाडीच्या काळापासून हा शब्द आपल्याकडे आहे आणि अभियंतेही तोच वापरतात. चाकं जातात त्या रेषेत रस्ता दबतो. तीन मीटर लांबीची सरळ पट्टी आडवी ठेवून खालची फट मोजली की चाकोरीची खोली मिळते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे गेला की काळ्या डांबराचा पृष्ठभाग साठीपार जातो. सिग्नलला थांबणाऱ्या एसट्या आणि ट्रक तिथे मऊ डांबर ढकलत राहतात. चौकाच्या अलीकडे रस्ता लाटांसारखा झालेला दिसतो, तो त्यामुळे. काही ठिकाणी डांबर वर पाझरून आरशासारखं चकाकतं. दिसायला छान, पहिल्या पावसात दुचाकीला काळ.

खडी सुटून रस्ता खरबरीत होणं, कडा तुटणं, ही दुखणी त्या मानानं हलकी. वेळेत सापडली तर स्वस्तात भागतात.

आणि शहरातलं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे चर. पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, केबल, एकेक जण येतो आणि खोदून जातो. चर भरताना मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, दाबायचा असतो. प्रत्यक्षात निघालेली काळी माती परत आत लोटली जाते आणि वर खडीचा मुलामा. पहिल्या पावसाळ्यात चर खचतो, शेजारचा चांगला रस्ताही सोबत नेतो. माझ्या अनुभवात शहरातले निम्मे खड्डे हे खड्डे नसतातच, खचलेले चर असतात. याला संख्याशास्त्राचा आधार नाही, पायपिटीचा आहे.

तुम्हाला तुमच्या गल्लीची नोंद करायची असेल तर दर पन्नास पावलांना थांबा. कुठल्या घरासमोर कुठली खूण, किती लांब, किती रुंद, पाणी साचतं का, तारीख. मोबाइलवर लोकेशन सुरू ठेवून फोटो काढा. फोटोत वहाण किंवा पाण्याची बाटली ठेवली की आकार कळतो. सरकारी तपासणी फॉर्मही याच्यापेक्षा फार वेगळा नसतो.

तिसरी पायरी: सरकार काय मोजतं?

सर्वांत सोपी मोजणी ग्रामीण रस्त्यांची. गाडीत बसायचं आणि आरामात किती वेगानं जाता येतं ते बघायचं. ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता आलं तर ५ गुण, ३० ते ४० ला ४, २० ते ३० ला ३, १० ते २० ला २ आणि दहाच्या आत १. याला रस्त्याचा स्थिती निर्देशांक म्हणतात. हसू येईल, पण पद्धत वाईट नाही. हजारो किलोमीटर एका हंगामात पाहायचे तर हेच परवडतं. फक्त चालक कोण आहे यावर गुण बदलतात. आमचा एक चालक असा होता की त्याच्या हातात प्रत्येक रस्ता पाच गुणांचा निघायचा.

त्याच्या वरची पायरी म्हणजे खडबडीतपणा मोजणं. गाडीमागे एक चाक ओढत न्यायचं आणि किलोमीटरभरात ते एकूण किती वरखाली झालं ते यंत्रानं मोजायचं. याला बंप इंटिग्रेटर म्हणतात. जगभर आता खडबडीतपणाचा आकडा मीटर प्रति किलोमीटर असा सांगतात. आकडा जितका मोठा, तितकी तुमची पाठ दुखणार. राष्ट्रीय महामार्गांवर लेझर आणि कॅमेरे लावलेली खास गाडी फिरते. वाहतुकीच्या वेगात जाता जाता ती भेगा, चाकोरी, खड्डे, खडबडीतपणा सगळं टिपते. महामार्ग प्राधिकरणानं दर सहा महिन्यांनी असं सर्वेक्षण ठेवलं आहे. गल्लीबोळांत ही गाडी येत नाही, तिथे डोळे आणि टेपच.

पण वरून गुळगुळीत असलेला रस्ता आतून कमकुवत असू शकतो. त्यासाठी विक्षेप मोजतात, म्हणजे वजनाखाली रस्ता किती दबतो ते. बेंकेलमन बीम नावाचं साधं उपकरण १९५० च्या दशकात अमेरिकेत निघालं आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मागच्या आसावर बरोब्बर ८,१७० किलो भार केलेला ट्रक उभा करायचा, मागच्या जोडचाकांच्या फटीत लांब दांडी सरकवायची, आणि ट्रक पुढे गेल्यावर रस्ता किती वर उसळतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचायचं. सोबत एक जण डांबरात छोटं भोक पाडून थर्मामीटर घालून बसतो, कारण वाचन ३५ अंश तापमानाला बसवून घ्यावं लागतं. ही मोजणी पावसाळा संपता संपता करायची असते, माती सर्वांत नरम असताना. मे महिन्यात काळी माती दगडासारखी असते, तेव्हा मोजाल तर प्रत्येक रस्ता पहिलवान निघेल. आता हे काम वजन पाडून रस्त्याची प्रतिक्रिया टिपणारं यंत्र करतं. तत्त्व तेच.

यासोबत वाहनांची गणना. रस्त्याकडेला खुर्ची टाकून सात दिवस, चोवीस तास मोजणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. ती मुख्यतः जड वाहनं मोजायला असतात. मोटारसायकली आणि कारनं रस्ता जवळजवळ झिजतच नाही. आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होतं. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून हा ढोबळ नियम आला. आपल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ एकच, ऊस. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, नेमका तेव्हा सप्टेंबरच्या पावसानं रस्त्याखालची माती अजून ओली असते. सप्टेंबर हा आपला सर्वांत ओला महिना. ओल्या मातीवर शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. ग्रामीण रस्ते दिवाळीनंतर एकदम का बसतात, त्याचं उत्तर यात आहे.

चौथी पायरी: यादी कशी होते?

आता शेजारच्या बाईंचा प्रश्न. चांगल्या रस्त्यावर डांबर आधी का?

रस्त्याची तब्येत सरळ रेषेत उतरत नाही. पहिली बरीच वर्षं हळूहळू घसरते, मग एकदम कडेलोट होतो. पाठ्यपुस्तकातला आलेख सांगतो की आयुष्याच्या पहिल्या पाऊण भागात साधारण ४० टक्के गुणवत्ता जाते आणि पुढची ४० टक्के त्यानंतरच्या अगदी थोड्या काळात. कडेलोटाच्या आधी पकडलेला रस्ता भेगा भरून, सीलकोट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारा डांबराचा पातळ लेप, मारून किंवा पातळ कारपेट टाकून वाचतो. नंतर पकडलेला खालपासून बांधावा लागतो आणि खर्च कितीतरी पट होतो. तेव्हा सगळे पैसे आधी सर्वांत वाईट रस्त्यावर घातले तर दरम्यान चांगले रस्ते वाईट होत जातात आणि यादी कधीच संपत नाही. म्हणून 'धडधाकट' रस्त्यावर डांबर पडणं शहाणपणाचं असू शकतं.

असू शकतं, एवढंच म्हणतो. तो रस्ता भेगाळायला लागला होता का, तिथे वाहतूक जास्त आहे का, की कुणाचं तरी घर तिथे आहे, हे कागद बघितल्याशिवाय ठरत नाही. प्राधान्य लावताना स्थितीचे गुण, जड वाहतूक, बसमार्ग, दवाखाना, शाळा हे बघतात. जिल्ह्यात आषाढीच्या आधी पंढरपूरच्या वाटा आणि शहरात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेआधी सिद्धेश्वर मंदिराभोवतालचे रस्ते पुढे सरकतात, आणि त्यात गैर काही नाही. लोकप्रतिनिधींचं वजनही असतं. ते नाही असं सांगणारा माणूस एकतर नवा असतो किंवा निवृत्तीला आलेला.

दुसरं कारण पाइपचं. एखाद्या गल्लीत ड्रेनेज किंवा पाण्याची लाइन मंजूर असेल तर तिथे डांबर मुद्दाम थांबवतात. हे बरोबरच आहे. चुकीचं असतं ते लाइनचं काम वर्षानुवर्षं लटकणं आणि मधल्या काळात मुरूमसुद्धा न पडणं. आमच्या बाईंच्या गल्लीची गोष्ट हीच निघाली.

आता कॅलेंडर, आणि हे पाठ करा. पावसाळ्याआधी एक पाहणी होते ती खड्डे बुजवायला आणि गटारं काढायला. खरी पाहणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. तिच्यावरून कनिष्ठ अभियंता राज्य दरसूचीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेले, दर लावून कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करतो. ते उपअभियंत्याकडून वर जातं. प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम करायचं, एवढ्या पैशात', तांत्रिक मान्यता म्हणजे 'असं करायचं'. तरतूद आर्थिक वर्षाची, म्हणून फेब्रुवारी-मार्चला महापालिकेच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पात ओळ दिसली पाहिजे. बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेच्या कागदांत ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या खात्यांचे क्रमांक, शोधा, पहिलं देखभाल-दुरुस्तीचं, दुसरं भांडवली कामांचं. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. डांबरी कामाचा हंगाम पावसाळ्यानंतर ते मेअखेर. म्हणजे जुलैत खड्ड्यात बसून आंदोलन केलंत तर फार तर खडी-मुरूम मिळेल. ऑक्टोबरात अर्ज दिलात तर डांबराच्या यादीत नाव येण्याची शक्यता आहे.

पाचवी पायरी: कागद मागा

पहिला प्रश्न एकच विचारा: या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी चालू आहे का? काम झाल्यावर ठरावीक मुदतीत बिघाड झाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं असतं. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत ही मुदत पाच वर्षांची, फलकावर तारखेसह लिहिलेली. ती चालू असेल तर नवीन निधीची गरजच नाही, आणि 'निधी नाही' हे उत्तर चालत नाही. हा प्रश्न लेखी विचारला की टेबलाच्या पलीकडचा माणूस सावरून बसतो. मी त्या बाजूला बसलोय, म्हणून सांगतो.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत हवा, त्यामुळे अन्यायाचा इतिहास लिहू नका. चार गोष्टी मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या नोंदवहीच्या) प्रती आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल. याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. फार थोड्यांना तो माहीत असतो. मोजमाप पुस्तकात थराची जाडी ४० मिलिमीटर लिहिली असेल आणि कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना, काढल्यावर २५ निघाली, तर पुढे बोलायची गरज उरत नाही.

महामार्गासाठी १०३३ वर फोन करा. राज्याच्या रस्त्यांसाठी 'आपले सरकार' पोर्टल आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा. शहरात झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सहावी पायरी: रोलर आला की खाली उतरा

एवढं करून डांबर आलंच, तर चहा तसाच ठेवून बाहेर या. आधीचा रस्ता झाडून, हवा मारून स्वच्छ केलाय का? त्यावर पातळ डांबराचा चिकट फवारा, टॅक कोट, बसलाय का? धुळीवर टाकलेलं कारपेट भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटतं. मिश्रण पसरताना नेहमीच्या व्हीजी-३० डांबरासाठी किमान १४० अंश असावं लागतं आणि रोलिंग ९० च्या खाली जाण्याआधी उरकावं लागतं. डंपर ताडपत्री न घालता लांबून आला असेल, थंडीची सकाळ असेल, तर विचारा. साइटवर थर्मामीटर असलाच पाहिजे, दाखवा म्हणा, अदबीनं.

जुना थर खरवडून काढतात की त्यावरच नवा चढवतात, हेही बघा. दरवेळी नुसता थर चढत गेल्यानं जुन्या पेठांत रस्ते उंच झालेत आणि उंबरठे खाली गेलेत. मग पावसाचं पाणी थेट माजघरात. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला उचलली का? की उद्या पुन्हा फोडणार?

आणि पहिला दमदार पाऊस पडला की छत्री घेऊन एक चक्कर मारा. जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे खडूनं गोल काढा, फोटो घ्या, आणि दोष दायित्वाचा उल्लेख करून त्याच आठवड्यात पत्र द्या. बाईंच्या गल्लीत लाइनचं काम उरकून गेल्या वर्षी डांबर पडलं. जूनमध्ये त्यांनी तीन गोल काढले. दोन दुरुस्त झाले. तिसऱ्याचं पत्र माझ्या टेबलावर आहे, मसुदा तपासून द्या म्हणाल्यात.